पुंगळी मोजा, मग बातमी लिहा

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराचे हवालदार होते. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या, दिवशी ते उशिरा घरी यायचे. शिपायांना जितकी काडतुसं मोजून दिली, तितक्याच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, असा नियम. एकदा थ्री नॉट थ्री रायफलची एक पुंगळी कमी भरली. तीस-पस्तीस माणसं दिवेलागणीपर्यंत गवतात ओणवी होऊन शोधत होती. शेवटी ती एका शिपायाच्या बुटाच्या फटीत सापडली. अप्पा घरी आले, हात-पाय धुतले आणि जेवताना एवढंच म्हणाले, "मिळाली."

पुढे १९९३ साली मी एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात गोळीबाराची बातमी माझ्या हाती आली आणि मी लिहून टाकलं, "घटनास्थळी तीन रिकाम्या गोळ्या सापडल्या." सकाळी चहाच्या वेळी अप्पांनी अंक माझ्यापुढे सरकवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "रिकामी गोळी म्हणजे काय गं?"

मला उत्तर देता आलं नाही. पोलीस लाइनीत वाढलेली मुलगी मी, आणि तीही चुकले. मग ज्याने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही आणि ज्याला रात्री साडेदहाला पान सोडायचंय, त्याला काय दोष द्यायचा? पुढची २९ वर्षं मी डेस्कवर नव्या मुलांना जे सांगत आले, ते इथे लिहून ठेवते आहे. शस्त्रांचं वेड लागावं म्हणून नाही. या धंद्यात बरोबर शब्द लिहायला गेलं की आपोआप पोलिसांना पुढचा प्रश्न विचारावा लागतो. चुकीचा शब्द लिहिला की तो प्रश्न सुचतच नाही.

शेंग, दाणा आणि फोलपट

अप्पांनी मला काडतूस समजावलं ते भुईमुगाच्या शेंगेवर. अख्खी शेंग म्हणजे काडतूस. आतला दाणा म्हणजे गोळी. दाणा निघून गेल्यावर हातात राहतं ते फोलपट, म्हणजे पुंगळी. उपमा तंतोतंत नाही, कारण काडतुसात गोळी आत दडलेली नसते, पुंगळीच्या तोंडाशी घट्ट बसवलेली असते. तिच्या मागे दारू आणि पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एक छोटी टोपी. चाप ओढला की पिन त्या टोपीवर आपटते, टोपी पेटते, टोपी दारूला पेटवते आणि दारूचा वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. पुंगळी मागेच राहते. गंमत म्हणजे मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतही गोळीला 'दाणा'च म्हणतात.

एवढं कळलं की निम्म्या चुका गळून पडतात. जमिनीवर सापडते ती पुंगळी. अंगातून, भिंतीतून, गाडीच्या दारातून काढतात ती गोळी. न उडालेलं, अख्खं सापडतं ते काडतूस, आणि पंचनाम्यात पोलीस त्यालाच 'जिवंत काडतूस' म्हणतात. 'जिवंत गोळी' असं काही नसतं. 'रिकामी गोळी' तर नसतेच.

'राऊंड' हा शब्द जपून वापरा. पोलीस तो दोन्हीकडे वापरतात. "दहा राऊंड जप्त" म्हणजे दहा काडतुसं, आणि "दोन राऊंड फायर" म्हणजे दोन गोळ्या झाडल्या. फोनवर ऐकलं की लगेच विचारा, झाडलेले की मिळालेले?

'फैर' हा आपला जुना शब्द. तो आवडतो म्हणून मुलं वाटेल तिथे घालतात. शहीद पोलिसाला हवेत तीन फैरी झाडून मानवंदना देतात, तेव्हा एका फैरीत रांगेतल्या सगळ्या बंदुका एकदम उडतात. फैरी तीन, पण गोळ्या वीस-तीसही असतील. म्हणून एकट्या माणसाने दुचाकीवरून "तीन फैरी" झाडल्या असं लिहिलं की माझा हात दुरुस्तीला जायचाच. तीन गोळ्या झाडल्या, असं साधं लिहा.

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, कट्टा

या तिघांत गोंधळ सगळ्यात जास्त आणि नुकसानही सगळ्यात जास्त.

रिव्हॉल्व्हरला मधोमध फिरणारं गोल चक्र असतं. त्यात सहसा पाच किंवा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. गोळी उडाली तरी पुंगळी चक्रातच राहते. चक्र उघडून हाताने काढल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

पिस्तुलात चक्र नसतं. काडतुसं मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. वरचा लोखंडी भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडली की पहिलं काडतूस नळीच्या मागच्या घरात जाऊन बसतं. मग चाप ओढला की गोळी जाते, पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस वर येतं. एका चापाला एकच गोळी. म्हणून हे अर्धस्वयंचलित. प्रेस नोटमध्ये "ऑटोमॅटिक पिस्तूल" आलं तरी वाचकाच्या डोळ्यापुढे मशीनगन उभी करू नका. इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं पोलिसांचं ९ एमएमचं पिस्तूल १३ काडतुसांच्या मॅगझिनचं असतं.

कट्टा म्हणजे बहुतेक वेळा एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारं हत्यार. उडवायचं, उघडायचं, पुंगळी काढायची, दुसरं काडतूस घालायचं. "गावठी कट्ट्यातून सटासट सहा गोळ्या झाडल्या" असं लिहिलेलं असेल तर एक तर कट्टे अनेक होते, नाहीतर तो कट्टाच नव्हता. मॅगझिन असलेलं हाती बनवलेलं हत्यार असेल तर त्याला देशी बनावटीचं पिस्तूल म्हणतात. चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी लागतं. तिथून येणारा माल या दुसऱ्या प्रकारचाही असतो. आमच्या खानदेशात उमर्टीचं नाव इतकं घिसंपिटं झालंय की वार्ताहर विचारायच्या आधीच "उमर्टी कनेक्शन" लिहून मोकळे होतात. ते आरोपीच्या जबाबात आलंय का, तपासात निघालंय का, तेवढं पाहा. आणि एका गावात काही लोक हत्यारं बनवतात म्हणून अख्ख्या जातीला हत्यारं बनवणारी म्हणून छापू नका. तिथेही शाळेत जाणारी पोरं आहेत.

आता हा फरक बातमीला कुठे नडतो ते बघा. वार्ताहराने लिहिलं, "हल्लेखोराने रिव्हॉल्व्हरमधून चार गोळ्या झाडून पळ काढला, घटनास्थळी चार पुंगळ्या मिळाल्या." रिव्हॉल्व्हर पुंगळ्या टाकत नाही. म्हणजे शस्त्र पिस्तूल असावं, किंवा हल्लेखोराने थांबून चक्र रिकामं केलं असावं, किंवा साक्षीदाराच्या तोंडी 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द सवयीने आलाय. तिन्ही शक्यता वेगळ्या, आणि तिन्हींसाठी फोन उचलायला हवा.

हे डेस्कवरचं किरकिरेपण वाटत असेल तर सप्टेंबर २०२४ आठवा. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाचा आरोपी २३ तारखेला संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्या गोळीने मेला. त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, असं पोलिसांचं म्हणणं. त्या रात्रीच्या बातम्यांत कुठे बंदूक होती, कुठे रिव्हॉल्व्हर, कुठे पिस्तूल. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि खंडपीठाने नेमका हाच धागा पकडला. रिव्हॉल्व्हर कुणीही उडवू शकतो, पण पिस्तुलाची स्लाइड ओढायला ताकद आणि सराव लागतो, सामान्य माणसाला ते कसं जमलं, असा सूर होता. सगळ्या प्रकरणाची खोच एका शब्दात होती, आणि आपल्यातल्या कितीकांनी तो शब्द 'बंदूक' म्हणून गुंडाळून टाकला होता. त्या रात्री कुणी "पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? स्लाइड आधीच ओढलेली होती का?" एवढं विचारलं असतं, तर न्यायालयाच्या आधी तो प्रश्न वर्तमानपत्रात आला असता.

'बंदूक' हा शब्द लांब नळीच्या शस्त्रासाठी ठेवा. बारा बोअर, रायफल, तोंडाकडून दारू ठासायची भरमार या सगळ्या बंदुका. 'बंदुकीच्या धाकावर लुटले' हा वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, पण त्याच बातमीत पुढे पिस्तूल जप्त होत असेल तर वाचक बुचकळ्यात पडतो. 'घोडा'चंही तसंच. जुन्या मराठीत तो बंदुकीचा एक भाग, मुंबईच्या टोळ्यांत अख्खं पिस्तूल. अवतरणात असेल तरच ठेवा. आणि 'स्टेनगनधारी पोलीस' आता पुरे झाले. पोलिसांच्या खांद्याला वर्षानुवर्षं लटकलेली ती बहुधा ९ एमएम कार्बाइन असते. स्टेनगन हे तिच्या आधीच्या पिढीतलं वेगळं हत्यार.

भागांची नावंही वाया जात नाहीत. २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या एके-४७ची नळी धरली. हातात फक्त लाठी होती. "बंदूक पकडली" असं लिहिलं की ती झटापट वाटते. "नळी धरली" असं लिहिलं की कळतं, गोळ्या कुठे गेल्या आणि मागचे सहकारी का वाचले.

ठिपका खाल्ला की तोफ होते

शस्त्राच्या नावातला आकडा म्हणजे नळीचं माप, बोअर. या आकड्यांत दोन मापं एकमेकांत मिसळतात. एक इंचाचं, दुसरं मिलिमीटरचं. .३२ म्हणजे इंचाचा बत्तीस शतांश. .३०३ही इंचातच. ठिपका गेला आणि मागे 'एमएम' लागलं की ".३२ बोअरचे पिस्तूल" हे "३२ एमएमचे पिस्तूल" होतं. ३२ एमएमच्या नळीत दहा रुपयांचं नाणं अलगद आत जाईल. आमच्याकडे एकदा "३०३ एमएमची रायफल" छापून आली. म्हणजे नळीचं तोंड जवळजवळ एक फूट. तसली तोफ युद्धनौकेवर असते. दुसऱ्या दिवशी अप्पांनी फोन करून विचारलं की ती शिपायाने खांद्यावर घेतली होती की बैलगाडीत. तेव्हापासून मी ठिपक्याऐवजी अक्षरात लिहायला सांगते, 'पॉइंट थ्री टू'. छपाईत ठिपका पडतो, अक्षर पडत नाही.

बारा बोअर हा तिसराच हिशोब. त्यातला बारा इंचही नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा लहान तसं तोंड मोठं. "१२ एमएमची बंदूक" दिसली की खोडा. आणि या बंदुकीतून सहसा छर्रे जातात. जखमीच्या अंगावर वीस जखमा असल्या म्हणजे वीस गोळ्या झाडल्या असं नाही.

.३२ बोअर आणि ७.६५ एमएम ही पिस्तुलाच्या एकाच काडतुसाची दोन नावं. एका ठाण्याचा अधिकारी एक सांगतो, दुसऱ्याचा दुसरं. मग वार्ताहर लिहितो, "दोन वेगवेगळी शस्त्रे वापरल्याचा संशय." उलटही घडतं. एके-४७ आणि पोलिसांची एसएलआर रायफल दोन्ही ७.६२ एमएमच्या, पण काडतुसाची लांबी वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. नुसता आकडा जुळला म्हणून शस्त्र जुळत नाही. एके-४७ आणि एके-५६ या शब्दांचीही अदलाबदल चालते. एके-५६ म्हणजे चिनी बनावटीची 'टाइप ५६'. ती त्याच घराण्यातली, पण पंचनाम्यात जे आहे तेच लिहायचं.

१२ ऑक्टोबर २०२४ला, दसऱ्याच्या रात्री, वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. दुसऱ्या दिवशी अनेक ठिकाणी छापून आलं, "९.९ एमएम पिस्तूल". अशा मापाचं पिस्तूल मी तरी कुठे ऐकलेलं नव्हतं. अप्पांचा जुना मापांचा तक्ता काढला. ९ एमएम काडतुसात गोळीचा व्यास नऊ मिलिमीटर, पण त्याच काडतुसाच्या पुंगळीचा बुडाशी व्यास ९.९च्या आसपास. कुणी पुंगळी मोजून तो आकडा सांगितला, की फोनवर 'नाइन' दोनदा ऐकू आलं? हा माझा तर्क, त्यापलीकडे नाही. पण एकाने लिहिलं म्हणून दहांनी लिहिलं, एवढं नक्की. चमत्कारिक आकडा कानावर आला तर तो खास आहे असं समजू नका. तो बहुधा चुकलेला असतो.

पुंगळीच्या बुडावर अक्षरं कोरलेली असतात. 'केएफ' म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, 'ओएफव्ही' म्हणजे आमच्या भुसावळजवळचा वरणगावचा. ही खूण काडतूस कुठे बनलं ते सांगते, पिस्तूल कुठे बनलं ते नाही. खडकीची काडतुसं परवानाधारकांनाही मिळतात. तेव्हा "पुंगळीवर सरकारी शिक्का, पोलिसांचे शस्त्र वापरल्याची चर्चा" असं लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा. असलं एक शीर्षक मी रात्री पावणेबाराला पानावरून उतरवलंय. त्या वार्ताहराने माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं.

उलट एक आकडा मात्र खरोखर बातमी असतो. ९ एमएम हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. त्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. एखाद्या बिल्डरच्या "परवान्याच्या ९ एमएम पिस्तुलातून" गोळी सुटली असं पोलीस सांगत असतील, तर परवाना कुणी दिला हे विचारा. नाहीतर तो परवाना .३२चा आहे आणि आकडा चुकलाय.

शब्द जे आधीच निकाल देतात

'चकमक' म्हणजे मूळ गारगोटी. जुन्या बंदुकीत तिचीच ठिणगी पडायची. दोन गोष्टी एकमेकींवर घासल्याशिवाय चकमक उडत नाही. म्हणून "चकमकीत ठार" लिहिलं की दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या, असं तुम्ही स्वतःच्या नावावर सांगितलेलं असतं. पहिल्या दिवशी ते ठाऊक कुणाला असतं? फक्त पोलिसांना. मग "पोलिसांच्या गोळीबारात ठार, त्याने आधी गोळी झाडल्याचा पोलिसांचा दावा" असं लिहा. चार शब्द जास्त लागतात, लागू देत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका याचिकेवर अशा मृत्यूंसाठी नियम घालून दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्यायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, पोलिसांची शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचे प्रश्न तिथे तयार पडलेत. शस्त्र जमा झालं का? तपास कुणाकडे गेला?

'हवेत गोळीबार'ही तसाच. ९ ऑगस्ट २०११ला मावळात पवना जलवाहिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. हवेत झाडलेल्या गोळीने समोरचा माणूस मरत नाही. मृतदेह आहेत आणि 'हवेत' हा शब्दही आहे, तर त्यातलं एक पोलिसांचं म्हणणं आहे. ते त्यांच्याच तोंडी ठेवा.

'अंदाधुंद', 'बेछूट', 'गोळ्यांनी चाळण' यांना मी डेस्कवर टाळंच लावलं होतं. किती गोळ्या ते लिहा, वाचक ठरवेल. जखमांवरून गोळ्या मोजू नका. आरपार गेलेली एक गोळी दोन भोकं पाडते. दंडातून निघून बरगडीत शिरली तर तीन. शवविच्छेदनाचा अहवाल येईपर्यंत "जखमा" हाच शब्द पुरतो.

परदेशातल्या बातम्या आणखी एक घोळ घालतात. अमेरिकेतल्या 'मास शूटिंग'चं भाषांतर 'सामूहिक गोळीबार' होतं. आपल्याकडे सामूहिक म्हणजे अनेकांनी मिळून केलेलं, सामूहिक बलात्कारातलं सामूहिक. शाळेत घुसून एकट्याने अनेकांना मारलं, तर ते सामूहिक कसं? "एकाच्या गोळीबारात इतके ठार" असं सरळ लिहा. आणि नुसतं 'शूटिंग' तर नकोच. मराठी वाचकाला आधी सिनेमा आठवतो. एआर-१५ मधला 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून तो आलाय. हल्ली यंत्राकडून भाषांतर करून घेतात, तेव्हा तर डोळ्यांत तेल घाला. एका मुलाने माझ्यापुढे आणलेल्या बातमीत "दोन पिस्तुले आणि चार मासिके जप्त" असं होतं. मॅगझिन हो! त्याला मी विचारलं, दिवाळी अंक होते का?

एक कच्ची बातमी

आता एक कॉपी घेऊ. मी रचलेली आहे, पण यातली प्रत्येक चूक मी कधी ना कधी खोडली आहे.

"शहरातील हॉटेलसमोर मंगळवारी रात्री दुचाकीवरून आलेल्या दोघा अज्ञातांनी ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हरने अंदाधुंद फैरी झाडत तरुणाची चाळण केली. घटनास्थळी चार जिवंत गोळ्यांच्या पुंगळ्या व एक राऊंड मिळाला. ७६५ एमएमचा गावठी कट्टा वापरल्याचे समजते."

ठाणे अंमलदाराला फोन लावा. पुंगळ्या किती, आणि बुडावर काय लिहिलंय? चार, ७.६५. तो 'राऊंड' झाडलेला की अख्खा? अख्खा. म्हणजे जिवंत काडतूस. मग लगेच विचारा, टोपीवर पिनेचा ठसा आहे का? असला तर काडतूस उडालं नाही, हल्लेखोराने स्लाइड ओढून ते बाहेर काढलं असावं. पिस्तूल मध्येच अडकलं म्हणून माणूस वाचला, ही बातमी तुमच्याआधी कुणाकडे नसेल. शस्त्र मिळालं का? नाही. मग ते कट्टा आहे हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. साक्षीदाराने काय पाहिलं? हातात "काहीतरी काळं". रुग्णालयात फोन लावा. जखमा दोन, एक दंडाला, एक पोटाला. प्रकृती स्थिर.

आता लिहा. "दुचाकीवरून आलेल्या दोघांनी मंगळवारी रात्री हॉटेलसमोर केलेल्या गोळीबारात एक तरुण जखमी झाला. त्याच्या दंडाला आणि पोटाला जखमा असून प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. घटनास्थळी ७.६५ एमएमच्या चार रिकाम्या पुंगळ्या आणि एक न उडालेले काडतूस मिळाले, असे पोलिसांनी सांगितले. शस्त्र मिळालेले नाही."

शस्त्राचं नाव त्यात नाही. असू नये. पुंगळ्या आपोआप पडल्या म्हणजे पिस्तूल असावं असं तुम्हाला वाटतंय, मलाही वाटतं. पण पकडलेल्या हत्याराच्या पिनेचा ठसा पुंगळीच्या टोपीवरच्या ठशाशी जुळतो का, हे कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. त्याला महिने लागतात. कधी वर्षं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ला झाली, खटल्याचा निकाल १० मे २०२४ला लागला, आणि मधल्या काळात पिस्तूल नेमकं कोणतं हा वाद पुन्हा पुन्हा वर आला. पहिल्या रात्री आपण कोण ठरवणार?

आणि शस्त्राचं नाव कळलं तरी त्याचं कौतुक नको. "ऑस्ट्रियन बनावटीच्या अत्याधुनिक ग्लॉकने" असं शीर्षक आलं की गल्लीतली पोरं मेलेल्या माणसाचं नाव विसरतात आणि पिस्तुलाचं पाठ करतात. ब्रँड तपासाशी जोडलेला असेल तर सातव्या-आठव्या ओळीत घाला.

कलमं लिहिताना तारीख बघा. १ जुलै २०२४च्या आधीचा गुन्हा असेल तर खुनाचा प्रयत्न म्हणजे भादंवि ३०७, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०९. शस्त्र अधिनियम मात्र तोच, १९५९चा. विनापरवाना बाळगणं ३ आणि २५, वापरणं २७.

शुद्धलेखनही ऐकून घ्या, कारण इथे सगळेच घसरतात. पिस्तूल, बंदूक, काडतूस यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. प्रत्यय किंवा अनेकवचन आलं की ते ऱ्हस्व होतं. पिस्तुलाने, बंदुकीतून, काडतुसे. 'पिस्तुल जप्त' असं शीर्षक दिसलं की अजूनही माझा हात लाल पेनाकडे जातो, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी.

शेवटचं काम रात्री पान गेल्यावरचं. एका जाड वहीत गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, ठाणं, तारीख आणि त्या रात्री कळलेले आकडे लिहून ठेवा. इतक्या पुंगळ्या, इतकी काडतुसं, शस्त्र नाही. आठ महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल येतो तेव्हा तो सांगायला कुणी फोन करत नाही. तुम्हीच ठाण्यात जायचं, क्रमांक सांगायचा आणि विचारायचं, त्या चार पुंगळ्यांचं काय झालं?